‘नोबडी’नंतर पुन्हा ‘नॉट’ नको

या वेळच्या पत्रांत एक गोष्ट ठळक दिसली. ‘समवन’, ‘एनीबडी’, ‘नन’, ‘ईच’, ‘फ्यू’ अशा शब्दांनी, म्हणजे इंग्रजीतल्या अनिश्चित सर्वनामांनी, शाळकरी मुलांपासून नोकरीच्या परीक्षा देणाऱ्यांपर्यंत सगळ्यांना सारखंच अडवलं आहे. मी प्रौढांना इंग्रजी शिकवते, आणि माझ्या वर्गातही शंकांची सर्वांत लांब रांग याच शब्दांपाशी लागते. त्यामुळे हा सगळा अंक त्यांनाच दिला आहे. एकसारखी पत्रं एकत्र केली आहेत.

प्रश्न : माझी मुलगी सातवीत आहे. तिच्या पुस्तकात ‘सम’ हा शब्द विशेषण म्हणून दिला आहे, शिकवणीच्या वहीत तो सर्वनाम आहे, आणि माझ्या भावाने आणून दिलेल्या नव्या व्याकरणात त्याला डिटर्मिनर म्हटलं आहे. चाचणीत तिने ‘सर्वनाम’ लिहिलं आणि गुण गेले. तिन्हींतलं खरं कोणतं? (एक पालक)

उत्तर : वाक्य पाहिल्याशिवाय यातलं काहीच ठरवता येत नाही, आणि तुम्ही नेमकं वाक्यच पाठवलेलं नाही. तुमचा दोष नाही. प्रश्नपत्रिकाच पुष्कळदा सुटा शब्द देऊन ‘जात ओळखा’ म्हणतात. सुट्या ‘सम’ला जात नसते. त्याला जात मिळते ती वाक्यात तो जे काम करतो त्यावरून.

ही चार वाक्यं मुलीसमोर ठेवा.

‘सम चिल्ड्रन आर रीडिंग.’ इथे ‘सम’च्या मागोमाग ‘चिल्ड्रन’ हे नाम आलं आहे आणि ‘सम’ त्या नामाबद्दल काही सांगतो आहे. जुनी पुस्तकं याला विशेषण म्हणतात, नवी डिटर्मिनर म्हणतात.

‘सम आर रीडिंग, सम आर स्लीपिंग.’ इथे मागे नाम नाही. ‘सम’ स्वतःच कर्ता होऊन बसला आहे, नामाच्या जागी उभा आहे. हे सर्वनाम.

‘सम ऑफ द चिल्ड्रन आर रीडिंग.’ हेही सर्वनामच. मुलं इथे चुकतात, कारण त्यांना पुढे ‘चिल्ड्रन’ दिसतं. पण मध्ये ‘ऑफ’ आहे. ‘ऑफ’ आला की त्याच्या आधीचा शब्द नामापासून सुटा झाला, स्वतःच्या पायावर उभा राहिला, असं समजायचं.

‘सम ट्वेंटी चिल्ड्रन केम.’ म्हणजे वीसेक मुलं आली. इथे ‘सम’ आकड्याला ‘सुमारे’ असा अर्थ देतो, म्हणून ते क्रियाविशेषण. सातवीला हे विचारणार नाहीत, पण मुलीला दाखवा. एका शब्दाच्या इतक्या जाती होऊ शकतात हे एकदा डोळ्यांनी पाहिलं की पाठांतराचा हट्ट आपोआप सुटतो.

मराठीतही हेच चालतं. ‘काही मुलं वाचताहेत’ आणि ‘काही वाचताहेत, काही झोपलीत’ ही दोन वाक्यं शेजारी ठेवली की मुलीला फरक लगेच कळेल, कारण तो तिला बोलताना आधीपासूनच येतो.

आता विशेषण की डिटर्मिनर? हा भांडण्याचा मुद्दा नाही. दोन्ही नावं एकाच जागेची आहेत, नामाच्या आधीची. जुन्या व्याकरणाने नामाआधी येणारा प्रत्येक शब्द विशेषणांत टाकला. पुढे अभ्यासकांच्या लक्षात आलं की ‘सम’, ‘एव्हरी’, ‘द’, ‘धिस’, ‘माय’ हे शब्द ‘बिग’ किंवा ‘रेड’सारखे वागत नाहीत. ‘बिग रेड बॉल’ म्हणता येतं, ‘धिस माय बॉल’ म्हणता येत नाही. त्या जागेवर एकच मावतो. ‘बिगर’ होतं, ‘समर’ किंवा ‘एव्हरीअर’ होत नाही. म्हणून त्यांचा वेगळा वर्ग केला. मुलीचं पुस्तक जो शब्द वापरतं तो तिने परीक्षेत लिहावा, एवढाच व्यवहार. मात्र सर्वनाम हे तिसरं नाव या दोहोंना पर्याय नाही, ती वेगळी जागा आहे. वाक्य पहिल्यासारखं असेल तर गुण बरोबर कापले. दुसऱ्या किंवा तिसऱ्यासारखं असेल तर वही घेऊन शिक्षकांना शांतपणे भेटा.

शब्दांच्या जाती आठच असतात असंही मुलांना शिकवलं जातं, जणू त्या कुणी मोजूनच पाठवल्या. ग्रीक व्याकरणकार डायोनिसियस थ्रॅक्स याच्या नावावर असलेल्या ग्रंथात आठ जाती आहेत हे खरं, पण त्यांत विशेषण वेगळं नाही, ते नामातच धरलं आहे, आणि केवलप्रयोगी अव्यय नाहीच. लॅटिनमध्ये आर्टिकल नव्हतं, तेव्हा तिथल्या व्याकरणकारांनी ते काढलं आणि केवलप्रयोगी अव्यय घालून आकडा पुन्हा आठ केला. लिंडली मरी यांच्या 1795च्या इंग्रजी व्याकरणात जाती नऊ आहेत. चार्ल्स फ्राइज यांनी 1952 साली चार मोठे वर्ग आणि फक्त व्याकरणाचं काम करणाऱ्या शब्दांचे पंधरा लहान गट केले. आणि आपल्या प्राचीन यास्कांनी निरुक्त या ग्रंथात चारच मानल्या : नाम, आख्यात (म्हणजे क्रियापद), उपसर्ग, निपात (म्हणजे अव्ययं). हे सगळे भाषा बारकाईने पाहणारे लोक होते. आकडा बदलत गेला, कारण प्रत्येकाने वेगळ्या भाषेकडे किंवा वेगळ्या गरजेतून पाहिलं. म्हणून एवढंच मागते, की जातीचं नाव चुकलं म्हणून मुलीला रागावू नका. तिला विचारा, ‘हा शब्द इथे काय करतोय?’ त्याचं उत्तर तिला देता आलं तर तिला व्याकरण येतं.

जाता जाता एक उपयोगाची गोष्ट. ‘सम’, ‘एनी’, ‘ऑल’, ‘बोथ’, ‘ईच’, ‘आयदर’, ‘नायदर’, ‘मेनी’, ‘मच’, ‘फ्यू’, ‘सेव्हरल’, ‘मोस्ट’, ‘अनदर’ हे शब्द दोन्ही जागांवर बसतात, नामाआधीही आणि नामाऐवजीही. ‘एव्हरी’ आणि ‘नो’ मात्र एकटे राहूच शकत नाहीत. ‘एव्हरी ऑफ द बॉइज’ चूक, ‘ईच ऑफ द बॉइज’ किंवा ‘एव्हरी वन ऑफ द बॉइज’ बरोबर. ‘नो ऑफ द बुक्स’ चूक, ‘नन ऑफ द बुक्स’ बरोबर. आणि ‘समवन’, ‘नोबडी’, ‘एव्हरीथिंग’, ‘नन’ हे नेहमी एकटेच राहतात. त्यांच्यामागे नाम लावून ‘नन बुक्स’ असं कधीही म्हणायचं नाही.

प्रश्न : मुलाखतीआधीच्या लेखी परीक्षेत मी लिहिलं, ‘एनीबडी डिड नॉट हेल्प मी.’ वाक्याखाली लाल रेघ आली. मित्र म्हणाला ‘नोबडी’ लिहायचं होतं. मी मग सरावाच्या वहीत ‘नोबडी डिड नॉट हेल्प मी’ लिहिलं, तर तेही चूक म्हणाला. ‘कोणीही मला मदत केली नाही’ यात ‘नाही’ आहे ना? मग ते इंग्रजीत जातं कुठे? (नोकरी शोधणारा वाचक)

उत्तर : या महिन्यातला हा सर्वांत चांगला प्रश्न. ‘ते जातं कुठे’ हे अगदी नेमकं विचारलंत. ते सर्वनामाच्या पोटात जातं.

मराठीत नकार क्रियापदापाशी राहतो. ‘कोणी आलं नाही’, ‘काही घडलं नाही’, ‘कुठे सापडलं नाही’. ‘कोणी’ या शब्दात स्वतःचा नकार नाही. तोच ‘कोणी’ ‘कोणी आलं का?’ या प्रश्नातही येतो आणि ‘कोणी आलं तर सांग’ यातही. ‘कोणीच’ म्हटलं तरी मागे ‘नाही’ लावावंच लागतं. नुसतं ‘कोणीच आलं’ हे मराठी नव्हे. थोडक्यात, आपल्याकडे नकार पोटात घेऊन फिरणारं सर्वनाम नाही.

इंग्रजीत आहे. ‘नोबडी’, ‘नो वन’, ‘नथिंग’, ‘नन’, ‘नायदर’ हे सगळे नकार पोटात घेऊनच येतात. ते आले की क्रियापद होकारी ठेवायचं : ‘नोबडी हेल्प्ड मी.’ तिथे पुन्हा ‘नॉट’ घातलं तर प्रमाण इंग्रजीत अर्थ उलटतो, ‘मला मदत न केलेलं कोणीच नाही’, म्हणजे सगळ्यांनी केली.

दुसरा भाग अधिक अवघड आहे आणि तुमची पहिली चूक तिथली आहे. ‘एनीबडी’, ‘एनीथिंग’, ‘एनी’ हे नकारी वाक्यात चालतात, पण नकार त्यांच्या आधी यायला हवा. ‘आय डिड नॉट सी एनीबडी’ बरोबर, कारण ‘नॉट’ आधी आला. ‘एनीबडी डिड नॉट सी मी’ चूक, कारण ‘एनीबडी’ आधी आला आणि ‘नॉट’ मागून. म्हणजे कर्त्याच्या जागी ‘कोणीही… नाही’ आणायचं असेल तर ‘एनीबडी’ला रस्ता बंद आहे, ‘नोबडी’च घ्यायचा. कर्माच्या जागी दोन्ही चालतात : ‘आय सॉ नोबडी’ किंवा ‘आय डिड नॉट सी एनीबडी’. बोलताना दुसरं जास्त ऐकू येतं.

नकार म्हणजे फक्त ‘नॉट’ नव्हे. ‘हार्डली’, ‘विदाउट’, ‘नेव्हर’, ‘रिफ्यूज’ यांच्यातही नकार आहे आणि त्यांच्यामागे ‘एनी’ चालतो. ‘हार्डली एनीबडी केम’, ‘शी लेफ्ट विदाउट सेइंग एनीथिंग’, ‘ही रिफ्यूज्ड टू टेल एनीवन’. इथे ‘विदाउट सेइंग नथिंग’ लिहू नका.

एखादा चौकस वाचक विचारेल, मग ‘एनीवन हू डिड नॉट साइन मस्ट साइन टुडे’ हे बरोबर कसं? त्यात ‘एनीवन’ आधी आहे आणि ‘नॉट’ नंतर. बरोबर आहे, कारण तो ‘नॉट’ ‘हू’ने सुरू होणाऱ्या पोटवाक्यातला आहे. मुख्य वाक्य होकारी आहे, ‘ज्या कोणी सही केली नसेल त्याने आज करावी’. इथला ‘एनीवन’ ‘कोणीही चालेल, जो असेल तो’ या अर्थाचा आहे. ‘एनीवन कॅन लर्न धिस’ मधला असतो तसा.

मी वर्गात फळ्यावर चार ओळी कायमच्या ठेवते. ‘कोणीतरी’ म्हणजे ‘समवन’. प्रश्नातला आणि ‘तर’मधला ‘कोणी’ म्हणजे ‘एनीवन’. ‘कोणीही चालेल’ मधला ‘कोणीही’ म्हणजेही ‘एनीवन’. आणि ‘कोणी नाही, कोणीच नाही, कोणीही नाही’ हे तिन्ही म्हणजे ‘नो वन’. ‘कोणीही’ दोन ओळींत आला आहे हे पाहिलंत? तुमची अडचण तिथून सुरू झाली. ‘कोणीही’ दिसला की ‘एनीवन’ लिहायची सवय हाताला लागते. आधी वाक्याच्या शेवटी ‘नाही’ आहे का ते बघायचं, मग सर्वनाम निवडायचं. मराठी क्रियापद शेवटी येतं, म्हणून वाक्य मनात पूर्ण होईपर्यंत इंग्रजी सुरू करायचं नाही.

याच घरातली आणखी एक चूक : ‘एव्हरीवन डिड नॉट कम.’ आपल्या मनात असतं ‘सगळे आले नाहीत, काही आले’. वाचणाऱ्याला मात्र ‘एकही आला नाही’ असंही वाटू शकतं. ‘नॉट’ पुढे आणा : ‘नॉट एव्हरीवन केम.’ संदिग्धता संपली. कार्यालयीन पत्रात तर हे पाळाच.

दोन नकारांचा नियम इंग्रजीत पहिल्यापासून नव्हता, हेही सांगायला हवं. जुन्या आणि मध्ययुगीन इंग्रजीत एका वाक्यात दोन-तीन नकार सहज येत आणि ते एकमेकांना खोडत नसत, उलट जोर देत. छापील लेखनातून ती रीत हळूहळू मागे पडली. रॉबर्ट लोथ यांचं व्याकरण 1762 साली आलं. त्याच्या पुढच्या आवृत्तीत ‘दोन नकार एकमेकांना नाहीसे करतात’ असं नोंदलं गेलं आणि शाळांनी ते उचललं. अनेक बोलींत ‘आय डिडन्ट सी नोबडी’ आजही जिवंत आहे, आणि ते बोलणारे लोक अडाणी नाहीत. पण परीक्षा आणि अर्ज प्रमाण इंग्रजीत असतात, तिथे एकच नकार.

प्रश्न : ‘एव्हरीवन’ म्हणजे सगळे. मग ‘एव्हरीवन इज’ का, ‘एव्हरीवन आर’ का नाही? आणि पुढे ‘हिज बुक’ लिहायचं की ‘देअर बुक’? आमच्या कार्यालयात यावरून दोन तट पडले आहेत. (टंकलेखन विभागातील वाचक)

उत्तर : ‘एव्हरीवन’ म्हणजे ‘सगळे’ असं पाठ केल्यामुळे घोळ झाला. ‘प्रत्येक जण’ असं धरा, मग ‘प्रत्येक जण आला’ हे आपोआप एकवचनी येईल. ‘वन’, ‘बडी’, ‘थिंग’ यांनी संपणारी सगळी सर्वनामं एकवचनी क्रियापद घेतात. याला अपवाद नाही, म्हणून यावर वेळही घालवायला नको.

‘हिज’ की ‘देअर’ यावर मात्र थांबू. नियमाच्या आग्रहाने ‘हिज’ म्हणणाऱ्यांचं म्हणणं असं, की ‘एव्हरीवन’ एकवचनी, ‘देअर’ अनेकवचनी, म्हणून मेळ बसत नाही. पण अनिश्चित व्यक्तीसाठी ‘दे’ आणि ‘देअर’ वापरण्याची रीत इंग्रजी लेखनात चौदाव्या शतकापासून सापडते. ‘ही’चा आग्रह नंतरचा, अठराव्या शतकापासूनच्या व्याकरणांनी रुजवलेला. 1850 साली ब्रिटिश संसदेने तर कायदा करून ठरवलं, की कायद्यांतल्या पुल्लिंगी शब्दांत स्त्रियाही धराव्यात. म्हणजे स्त्रिया वाक्यात होत्या, पण शब्दात नव्हत्या. मला ‘हिज’ त्यामुळेच पटत नाही. ज्या खोलीत निम्म्या स्त्रिया बसल्या आहेत तिथे ‘एव्हरीवन शुड ब्रिंग हिज बुक’ म्हणणं मला चुकीचं वाटतं, व्याकरण काहीही म्हणो. आणि आता व्याकरणही तसं म्हणत नाही. अमेरिकन सायकॉलॉजिकल असोसिएशनच्या लेखनपद्धतीने 2019च्या सातव्या आवृत्तीत एकवचनी ‘दे’ला स्पष्ट मान्यता दिली. त्याच वर्षी मेरियम-वेब्स्टर कोशाने ‘दे’ हा वर्षाचा शब्द निवडला.

तुमच्या पत्रांत ‘एव्हरीवन हॅज सबमिटेड देअर फॉर्म’ असं निःशंक लिहा. ‘हॅज’ एकवचनी आणि ‘देअर’ त्याच वाक्यात, हे चालतं. एखादा वरिष्ठ अडून बसला तर वाक्यच फिरवा : ‘ऑल एम्प्लॉइज हॅव्ह सबमिटेड देअर फॉर्म्स.’ तटही मिटतील.

शेपटीच्या प्रश्नांतही, म्हणजे ‘क्वेश्चन टॅग’मध्येही, हाच ‘दे’ येतो, आणि हे परीक्षेत हमखास विचारतात. ‘एव्हरीवन इज हिअर, आरन्ट दे?’ ‘नोबडी कॉल्ड, डिड दे?’ दुसऱ्या वाक्यात शेपूट होकारी आहे, कारण नकार ‘नोबडी’त आधीच आला. ‘थिंग’वाल्या शब्दांना ‘इट’ : ‘नथिंग इज राँग, इज इट?’

प्रश्न : ‘नन ऑफ द स्टुडंट्स हॅज’ की ‘हॅव्ह’? दोन मार्गदर्शक पुस्तकं दोन उत्तरं देतात. (स्पर्धा परीक्षेची तयारी करणारी वाचक)

उत्तर : दोन्ही बरोबर. जुन्या इंग्रजीत ‘नन’ हा शब्द ‘नाही’ आणि ‘एक’ या दोन शब्दांपासून झाला, एवढ्यावरून काही जण त्याला फक्त एकवचनी मानतात. पण शब्दाचा जन्म कुठून झाला यावरून आजचा वापर ठरत नाही, आणि ‘नन’ अनेकवचनात पार जुन्या काळापासून वापरला जातो. ‘ऑफ’नंतर न मोजता येणारी वस्तू असेल तर फक्त एकवचन : ‘नन ऑफ द वॉटर इज क्लीन.’ मोजता येणारी असेल तर दोन्ही. परीक्षेत दोन्ही पर्याय समोर आलेच, तर जुन्या वळणाचे परीक्षक ‘हॅज’ धरतात. तेवढ्यापुरतं ते निवडा, मनात मात्र ‘हॅव्ह’ला चूक म्हणू नका.

दोघांतलं कुणी नाही असं म्हणायचं असेल तर ‘नायदर’, तिघांपासून पुढे ‘नन’. ‘नायदर ऑफ द टू आन्सर्स इज करेक्ट.’

प्रश्न : ‘फ्यू’ आणि ‘अ फ्यू’ यांत एका ‘अ’ने एवढं काय बिघडतं?

उत्तर : बोलणाऱ्याचं मन बदलतं. ‘अ फ्यू पीपल केम’, चारजण तरी आले. ‘फ्यू पीपल केम’, चारच आले, फारसं कुणी आलंच नाही. ‘तरी’ आणि ‘च’ यांतला फरक तो हाच. ‘लिटल’ आणि ‘अ लिटल’ यांचंही तसंच, फक्त न मोजता येणाऱ्या वस्तूंसाठी. शिफारसपत्रात ‘शी हॅज फ्यू गुड आयडियाज’ लिहिलंत तर त्या मुलीचं नुकसान कराल. तिथे ‘अ’ सोडू नका.

प्रश्न : ‘वन ऑफ माय फ्रेंड’ असं सगळेच म्हणतात. आमचे सर ‘फ्रेंड्स’वर अडून आहेत. एकच मित्र आहे तर अनेकवचन का? आणि मग क्रियापद अनेकवचनी का नाही? (अकरावीतील विद्यार्थी)

उत्तर : तुझे सर बरोबर आहेत. मित्र एक, पण तो ज्यांच्यातून उचलला ते अनेक आहेत. ‘माझ्या मित्रांपैकी एक’ म्हणताना तू ‘मित्रापैकी एक’ म्हणत नाहीस. ‘ऑफ’नंतर तो सगळा घोळका येतो, म्हणून ‘फ्रेंड्स’. आणि वाक्याचा खरा कर्ता ‘वन’ हे सर्वनाम, म्हणून ‘वन ऑफ माय फ्रेंड्स इज इल’.

क्रियापद चुकतं ते जवळच्या शब्दामुळे. लिहिताना ‘फ्रेंड्स’ अगदी शेजारी असतो, ‘वन’ मागे राहतो आणि हात ‘आर’ लिहून जातो. यावर उपाय असा : ‘ऑफ’पासूनचा तुकडा बोटाने झाक आणि उरलेलं वाच. ‘ईच … हॅज अ बुक.’ ‘नायदर … वॉज रेडी.’ ‘वन … इज इल.’ बरोबर क्रियापद लगेच कळतं.

ही बोटाची युक्ती दोन ठिकाणी वापरू नकोस. ‘सम’, ‘ऑल’, ‘मोस्ट’, ‘एनी’, ‘नन’ यांच्या बाबतीत झाकलेल्या तुकड्याकडेच बघावं लागतं. ‘ऑल ऑफ द वर्क इज डन’, पण ‘ऑल ऑफ द लेटर्स आर रेडी’. या शब्दांचं वचन त्यांच्या मागच्या वस्तूवर ठरतं. दुसरं ठिकाण ‘वन ऑफ दोज हू’चं. ‘शी इज वन ऑफ दोज हू नेव्हर गिव्ह अप.’ इथे ‘गिव्ह्ज’ नाही, कारण ‘हू’ हा ‘दोज’बद्दल बोलतो आहे, हार न मानणारे अनेक आहेत, ती त्यांच्यातली एक. ‘शी इज’ मधलं क्रियापद तिचं, ‘गिव्ह’ त्या सगळ्यांचं.

आणि ‘ईच’ची जागा बदलली की वचनही बदलतं. ‘ईच ऑफ द गर्ल्स हॅज अ बुक’, पण ‘द गर्ल्स ईच हॅव्ह अ बुक’. दुसऱ्या वाक्यात कर्ता ‘गर्ल्स’ आहे; ‘ईच’ मागून येऊन वाटणी सांगतो आहे.

प्रश्न : विशेषण नामाच्या आधी येतं. मग ‘न्यू समथिंग’ का म्हणत नाहीत? ‘समव्हेअर’ही अनिश्चित सर्वनामच ना? आणि ‘एव्हरीवन’ एकत्र की तोडून? (तीन पत्रांतून)

उत्तर : ‘समथिंग न्यू’, ‘नथिंग सीरियस’, ‘समवन इंटेलिजंट’ असंच. या शब्दांपुरतं विशेषण मागे जातं. मराठीतही आपण ‘काहीतरी नवीन’ म्हणतो, ‘नवीन काहीतरी’ त्यामानाने कमी, तेव्हा हे जड जायला नको. ‘एल्स’ही मागेच : ‘समवन एल्स’, आणि त्याचं षष्ठीचं रूप ‘समवन एल्सेस’ (someone else’s), म्हणजे प्रत्यय ‘एल्स’ला लागतो, ‘समवन’ला नाही.

‘समव्हेअर’ सर्वनाम नाही. ते ‘कुठे’चं उत्तर देतं, म्हणून क्रियाविशेषण. घडण सारखी दिसली तरी काम वेगळं.

‘एव्हरीवन’ माणसांसाठी जोडून. मागे ‘ऑफ’ असेल किंवा वस्तूंबद्दल बोलायचं असेल तर तोडून, ‘एव्हरी वन ऑफ द लेटर्स’. ‘नो वन’ प्रमाण लेखनात तोडूनच लिहा, जोडला तर दोन ‘ओ’ शेजारी येऊन वाचताना अडखळायला होतं. ‘नोबडी’ आणि ‘नथिंग’ मात्र नेहमी जोडून.

प्रश्न : निवृत्तीनंतर इंग्रजी पुन्हा हातात घेतलं आहे. जाती पाठ होत नाहीत. पाठ न करता काही मार्ग आहे का? (एक ज्येष्ठ वाचक)

उत्तर : आहे, आणि तुमच्याकडे वेळ आहे म्हणून तो तुम्हाला जास्त लाभेल. शब्दांची यादी सोडा. एकच शब्द घ्या आणि तो वेगवेगळ्या वाक्यांत शोधत राहा. ‘डाउन’ घ्या. ‘शी फेल डाउन’ यात तो पडण्याची दिशा सांगतो, क्रियाविशेषण. ‘शी वॉक्ड डाउन द रोड’ यात ‘रोड’ या नामाला वाक्याशी जोडतो, म्हणजे आपल्या शब्दयोगी अव्ययाचं काम करतो, फक्त नामाच्या आधी येऊन. ‘द सर्व्हर इज डाउन’ यात अवस्था सांगतो, विशेषण. ‘अप्स अँड डाउन्स’ यात त्याला अनेकवचन लागलं, म्हणजे नाम. ‘ही डाउन्ड हिज पेन’, म्हणजे पेन खाली ठेवलं, यात भूतकाळ लागला, म्हणजे क्रियापद. कोणत्याही ओळीत तुम्हाला व्याख्या आठवावी लागली नाही; शेजारी कोण आहे आणि शब्दाला काय लागलं आहे एवढंच पाहिलंत.

आठवडाभर ‘राउंड’, पुढच्या आठवड्यात ‘वेल’, मग ‘ऑल’ घ्या. ‘ऑल’मध्ये डिटर्मिनर, सर्वनाम आणि ‘ऑल अलोन’मधलं क्रियाविशेषण, तिन्ही सापडतील. वाचताना समोर येईल ते वाक्य उतरवून घ्या, स्वतः बनवू नका. बनवलेल्या वाक्यात आपण आपल्याला हवी ती जात घालतो.

प्रश्न : एका कथेत ‘आय अॅम अ नोबडी’ असं वाक्य आलं. सर्वनामाआधी ‘अ’ कसा?

उत्तर : ‘अ’ आला म्हणजेच तो सर्वनाम राहिला नाही. इथे ‘नोबडी’ नाम आहे, ‘कुणी मोजत नाही असा माणूस’. त्याचं अनेकवचनही होतं, ‘नोबडीज’. ‘समबडी’चंही तसंच, ‘ही थिंक्स ही इज अ समबडी’. कथेत ते पात्र स्वतःबद्दल म्हणतं आहे म्हणून शोभतं. दुसऱ्याबद्दल वापरला तर हा शब्द अपमानाचा होतो, तेव्हा पत्रात किंवा संभाषणात तो कुणाला लावू नका.